काडीकचरा शेतकऱ्याचा, विष कारखान्याचे

गेल्या हिवाळ्यात एका औद्योगिक वसाहतीच्या उतारावर वसलेल्या गावी जाण्याचा योग आला. जवळच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी तेथे एक प्रयोग मांडला होता. पत्र्याच्या पिंपात हवा कोंडून पऱ्हाट्यांचा कोळसा पाडावयाचा, तो धुऊन कुटावयाचा आणि वाळूच्या थरांमध्ये भरून त्यातून विहिरीचे पाणी गाळावयाचे, असा तो प्रयोग. मुले उत्साही होती, प्रामाणिक होती. त्यांचे बोलणे संपल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध शेतकरी बाईने विचारले, “बाबांनो, कोळसा विष पितो म्हणता. मग प्यालेला कोळसा टाकायचा कुठं? उकिरड्यावर टाकला तर खतातून पुन्हा आमच्याच वावरात येणार.” मुले क्षणभर गप्प झाली. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या प्रयोगवहीत नव्हते.

अर्थशास्त्राचे अध्यापन करण्यात प्रस्तुत लेखकाचे आयुष्य गेले; परंतु त्या विषयाचा गाभा इतक्या थोड्या शब्दांत कोणी मांडल्याचे त्याला स्मरत नाही. खर्च कोठे जातो, हाच तो गाभा. काडीकचऱ्याच्या कोळशाने पाण्यातील जड धातू काढण्याच्या पद्धतीविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. स्वस्त, देशी, ग्रामीण असे तिचे वर्णन होते. ते खोटे नाही. मात्र समाजवादी कार्यकर्त्याने तिचे स्वागत करण्यापूर्वी त्या बाईचा प्रश्न अखेरपर्यंत नेला पाहिजे.

कोळसा काय करतो?

कोळसा पाडण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. रायगड जिल्ह्यातील कातकरी पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबत आले. नवे आहे ते एवढेच की, जंगलातील लाकडाऐवजी पऱ्हाट्या, तुराट्या, भाताचे तूस, उसाचे पाचट, नारळाच्या करवंट्या यांचा उपयोग करावयाचा, आणि चुलीसाठी नव्हे तर माती सुधारण्यासाठी वा पाणी शुद्ध करण्यासाठी. शास्त्रज्ञ या कोळशाला जैवकोळसा किंवा बायोचार म्हणतात. साधारण तीनशे ते सातशे अंश सेल्सिअस तापमानाला, अपुऱ्या हवेत, शंभर किलो सुक्या काड्यांतून पंचवीस ते पस्तीस किलो कोळसा हाती येतो.

या कोळशाच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट असतात. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल यांचे धनभारित कण पाण्यातून येऊन या गटांना चिकटतात. कोळशातील राखेत फॉस्फेट व कार्बोनेट असल्यास शिशासारखा धातू त्यांच्याशी संयोग पावून अविद्राव्य रूपात बसतो. कमी तापमानाला पाडलेल्या कोळशात चिकटविणारे गट अधिक, तर जास्त तापमानाच्या कोळशात छिद्रे व राख अधिक. म्हणजे कोणत्या धातूसाठी कोणता कोळसा, याचाही विचार करावा लागतो.

आता या गुणाच्या मर्यादा पाहू. आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपाने वावरतात. साधा कोळसा त्यांना सहजी धरत नाही. त्यासाठी कोळशावर लोहाचा लेप द्यावा लागतो किंवा पाण्याची आम्लता सांभाळावी लागते. पाणी क्षारयुक्त असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कोळशावरील जागा आधीच अडवून बसतात. सर्वांत गंभीर गोष्ट ही की, कोळशाची पकड एके दिवशी संपते आणि ती संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. हे प्रमाण जिभेला कळत नाही, नाकाला कळत नाही. कोळशाने पाण्याचा वास जातो, रंग जातो, पाणी नितळ दिसू लागते. आणि कोळसा भरून गेल्यावर त्याच नितळ पाण्यातून धातू पोटात जाऊ लागतो. ज्या गावात पाणी तपासण्याची सोय नाही, तेथे असे गाळणे संकटापेक्षा मोठे संकट ठरू शकते, कारण ते माणसाला निर्धास्त करते.

थोडा हिशेब

एका प्लेटिंगच्या कारखान्यातून रोज एक लाख लिटर सांडपाणी निघते आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये जस्त व निकेल मिळून वीस मिलिग्रॅम धातू आहे, असे धरून चालू. म्हणजे रोज दोन किलो धातू. एक किलो कोळसा व्यवहारात दहा ग्रॅम धातू धरतो असे मानले, तर रोज दोनशे किलो कोळसा लागेल. वर्षातील तीनशे कामाच्या दिवसांना साठ टन कोळसा, आणि तो पाडण्यासाठी सुमारे दोनशे टन पऱ्हाट्या. वर्षअखेर आपल्या हाती काय उरले? सहाशे किलो धातू पोटात घेतलेला साठ टन विषारी कोळसा.

हा हिशेब स्थूल आहे. पण त्यातून दोन गोष्टी निश्चितपणे निघतात. पहिली, हा कोळसा मुख्य उपाय म्हणून नव्हे, शेवटचा हात म्हणून वापरावयाचा आहे. आधी चुन्याने धातूंचा साका खाली बसवावा, त्यात बहुतांश धातू निघून जातो. मग उरलेल्या थोड्या धातूसाठी कोळसा लावावा. तसे केल्यास कोळसा कित्येक पटींनी कमी लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोळसा विष नष्ट करीत नाही, त्याची केवळ जागा बदलतो. जड धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे ते जाळून वा कुजवून संपत नाही. भरलेला कोळसा वीटभट्टीत घातला तर कॅडमियम व शिसे धुरातून आणि राखेतून बाहेर पडणार. शेतात घातला तर जमीन आम्ल होताच सुटून पिकात चढणार. तेव्हा त्या वृद्ध बाईची शंका शास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरते.

खर्च ढकलण्याची अर्थव्यवस्था

कारखान्याच्या नफ्यात न दिसणारा हा खर्च अर्थशास्त्राला अपरिचित नाही. पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीची मीमांसा करून ती कराने भरून काढावी असे सुचविले. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर स्वतंत्र ग्रंथ लिहून आणखी पुढचे पाऊल टाकले. खर्चाचा काही भाग तिऱ्हाइताच्या माथी मारणे हा बाजारव्यवस्थेतील अपघात नसून तिच्या घडणीचाच भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सांडपाणी शुद्ध न करता नाल्यात सोडणारा कारखानदार स्वस्त माल विकतो. त्या स्वस्ताईची किंमत उताराकडील गाव मोजते.

तमिळनाडूतील पालार नदीचे खोरे हा या सिद्धान्ताचा जिवंत पुरावा आहे. वेल्लूर, राणीपेट, अंबूर, वाणियंबाडी या पट्ट्यातील चामडे कमावण्याच्या कारखान्यांनी दशकानुदशके आपले पाणी नदीत आणि जमिनीत सोडले. वेल्लूरच्या नागरिक संघटनेच्या याचिकेवर २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याच्या पाहणीचा उल्लेख आहे. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने याच निकालात ठामपणे सांगितले. तत्त्व उत्तम होते; परंतु त्याची अंमलबजावणी? ३० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर, त्याच खोऱ्यातील बाधितांना भरपाई द्या व ती कारखान्यांकडून वसूल करा, असा आदेश त्याच न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. राणीपेट येथे क्रोमियमची रसायने बनविणारा एक कारखाना नव्वदच्या दशकाच्या मध्याला बंद पडला. त्याने मागे ठेवलेला दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त गाळ दीर्घकाळ पावसात पाझरत राहिला. नफा घेऊन मालक गेला, गाळ राहिला.

पालारच्या खोऱ्यात भुईमुगाची टरफले आहेत, करवंट्या आहेत. कोळसा तेथेही पाडता आला असता. पण कोठे लावावयाचा? कारखान्याच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी मोजता येते, अडविता येते, शुद्ध करता येते. तेच पाणी हजारो हेक्टरांखालच्या भूगर्भात मुरले की मग जगातील साऱ्या काडीकचऱ्याचा कोळसा केला तरी ते परत मिळवता येत नाही. म्हणून आपला पहिला निष्कर्ष असा: कोळशाची जागा कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी आहे, गावच्या माठाच्या तोंडाशी नाही. माठावर तो बसला की ज्याने विष घातले तो मोकळा, आणि ज्याच्या पाण्यात विष पडले त्यानेच आपल्या काड्या जाळून, आपल्या श्रमाने, ते उपसत बसावयाचे, अशी व्यवस्था होते. तिला स्वावलंबन हे गोंडस नाव देण्यात येईल. त्या नावाला आपण फसता कामा नये.

‘टाकाऊ’ कोणाच्या दृष्टीने?

दुसरा प्रश्न काडीकचऱ्याच्या मालकीचा. प्रयोगशाळेतील निबंधांत याला ‘शेतीतील टाकाऊ पदार्थ’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही भूमिहीन मजूर बाईला विचारा. पऱ्हाट्या आणि तुराट्या म्हणजे तिच्या चुलीचे वर्षभराचे सरपण. कडबा तर कचरा नव्हेच, तो जनावराचा चारा. पाचट जाळण्याऐवजी कुजविले तर जमिनीचा कस वाढतो. ज्या वस्तूला बाजारभाव नाही ती टाकाऊ, ही बाजाराची व्याख्या आहे, गावाची नव्हे.

आणि तिला भाव आला की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. उसाची मळी एके काळी साखर कारखान्यांची डोकेदुखी होती; तिच्यापासून मद्यार्क होऊ लागला. बगॅस बॉयलरमध्ये जाळून टाकावयाचा पदार्थ होता. त्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. ऊस उत्पादकाला या उपपदार्थांच्या उत्पन्नातील वाटा मिळावा म्हणून किती वर्षे भांडावे लागले, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. जैवकोळशाबाबत ही प्रक्रिया सुरू झालीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगल या अमेरिकन कंपनीने वराह या भारतीय कंपनीशी करार केला. त्यानुसार जैवकोळशाच्या द्वारे हवेतील एक लाख टन कार्बन डायऑक्साइड हटविल्याची प्रमाणपत्रे २०३० पर्यंत विकत घेतली जाणार आहेत. अशा सौद्यांत काडीला किंमत येणार, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र ती किंमत शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पदरात किती पडते, हे आजच पाहावयास हवे. उद्या उशीर झालेला असेल.

याला सहकाराचे उत्तर आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला जे उभे केले, त्यामागचा विचार हाच होता की, कच्चा माल पिकविणाराच प्रक्रियेचा मालक असावा. त्या चळवळीचे पुढे काय झाले, सहकारी कारखान्यांचीच मळीमिश्रित पाणी नद्यांत सोडण्यापर्यंत कशी मजल गेली, हे आपण जाणतो. तथापि साधनाचा गैरवापर झाला म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. गटवार लहान भट्ट्या, शेतकरी आणि भूमिहीन मजूर या दोघांचे सभासदत्व, घरच्या सरपणाची गरज भागल्यावर उरलेल्याच काड्यांची खरेदी, या अटींवर असा सहकार उभा राहू शकतो. त्यात आणखी एक अट जोडणे अगत्याचे आहे. कोळसाभट्टीचा आणि उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याचा संबंध महाराष्ट्रात फार जुना आहे. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी कातकऱ्यांच्या पायातील ही बेडी पुरती तुटली नाही. पर्यावरणाच्या नावाने नव्या भट्ट्या पेटतील तेव्हा त्यांवर जुनी गुलामी येऊन बसणार नाही, याची दक्षता आपण घ्यावयाची आहे.

कामगार विरुद्ध शेतकरी?

येथे आपल्याच घरातील एका उणिवेचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. सांडपाण्याच्या प्रश्नावर गाव उठले की व्यवस्थापन सांगते, ‘कारखाना बंद पडेल, तुमची नोकरी जाईल’; आणि कामगार संघटना गप्प बसतात. कित्येकदा आपल्या विचारांच्या संघटनाही. वास्तविक क्रोमिक आम्लाच्या टाकीवर उभा राहणारा कामगार हा त्या विषाचा पहिला बळी असतो. त्याच्या हातांना न भरणाऱ्या जखमा होतात, त्या वाफांनी नाकातील पडद्याला भोक पडते. नळीतून बाहेर गेलेले विष गावाला भेटते, नळीत जाण्यापूर्वी ते कामगाराला भेटलेले असते. अशा दोघांत वैर लावणे मालकाला सोयीचे आहे. ते चालू देणे हा आपला नाकर्तेपणा आहे.

प्लेटिंगच्या छोट्या कारखानदाराला शुद्धीकरण परवडत नाही, हेही अंशतः खरे. परंतु तो मुलामा कोणासाठी देतो? वाहने आणि यंत्रे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी. घाण करणारे काम बाहेर द्यावयाचे, त्याचा दर पाडावयाचा आणि आपले अंगण स्वच्छ असल्याची जाहिरात करावयाची, ही त्यांची रीत. म्हणून शुद्धीकरणाचा खर्च माल घेणाऱ्या बड्या कंपनीपर्यंत वर चढला पाहिजे.

मागणी काय करावी?

कायद्यांची आपल्याकडे वाण नव्हती. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला. केंद्राचा कायदा १९७४ चा. सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा प्रत्यक्ष चालू असल्याखेरीज कारखाना चालवू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बजावले. उलट दिशेचे पाऊल पडले ते २०२४ मध्ये. केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांबाबतची कैदेची शिक्षा काढण्यात आली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. शिक्षेचा धाक गेला की दंड ही जमाखर्चातील एक बाब होऊन बसते.

तेव्हा कागदावरील कायद्यापेक्षा स्थानिक लोकांची नजर अधिक महत्त्वाची. जपानमधील जिन्झू नदीच्या काठचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे. मित्सुई कंपनीच्या कामिओका खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे तेथील शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मोडत असत. या रोगाचे कारण सरकारने १९६८ साली मान्य केले. बाधितांनी खटला जिंकला आणि १९७२ साली कंपनीकडून केवळ भरपाई नव्हे, एक करारही मिळविला. रहिवाशांनी आपले तज्ज्ञ घेऊन कंपनीच्या आवारात शिरावे, तपासणी करावी आणि तिचा खर्च कंपनीने सोसावा, असा तो करार. भातखाचरांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. पण विषाचा उगम आटला तो या तपासणीमुळे.

आपल्या मागण्या याच धर्तीच्या असाव्यात. प्रत्येक औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याच्या नळीशी चुना व कोळसा यांची शुद्धीकरण यंत्रणा कारखान्यांच्या खर्चाने बसवावी आणि बड्या खरेदीदारांनी त्यात वाटा उचलावा. कोळसा शेतकरी-मजुरांच्या सहकारी संस्थांकडून, श्रमाचा पूर्ण मोबदला धरून ठरविलेल्या भावाने घ्यावा. भरलेला कोळसा धोकादायक कचरा समजून त्याची मालकी अखेरपर्यंत कारखान्याचीच राहावी. किती किलो आत गेला आणि किती किलो बाहेर आला याची वजनपावती ग्रामपंचायतीला मिळावी. ग्रामसभेने नेमलेल्या समितीला, कामगार प्रतिनिधींसह, आवारात जाऊन पाणी तपासण्याचा अधिकार असावा व तपासणीचा खर्च कारखान्याने द्यावा. ज्या गावांच्या विहिरी आधीच बिघडल्या आहेत त्यांना शुद्ध पाणी कारखान्यांच्या खर्चाने पोचावे. तोवर गावात गाळण बसवावयाचेच असेल तर ते नियमित तपासणीसह, तात्पुरता उपाय म्हणून बसवावे.

त्या गावच्या विद्यार्थ्यांना मी नंतर पत्र लिहिले. प्रयोग थांबवू नका, फक्त पिंप उचलून वसाहतीच्या फाटकाशी नेऊन ठेवा, असे त्यात सुचविले. त्यांचे उत्तर आले आहे. फाटकावरील पहारेकऱ्याने त्यांना आत सोडले नाही. ते विचारतात, आता काय करावे? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या वहीत नाही. ते देण्याची जबाबदारी त्या तालुक्यातील आपल्या शेतकरी आणि कामगार कार्यकर्त्यांची आहे. त्यांनी एकत्र त्या फाटकाशी जावयास हवे.